घराची सजावट कीं घराचें सोंग?

कांहीं महिन्यांपूर्वीं आमच्या एका स्नेह्यांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीस जाण्याचा प्रसंग आला. स्नेही सुविद्य, त्यांच्या पत्नी तितक्याच सुविद्य. दोघांनीं वीस-बावीस वर्षें नोकरी करून पुण्याच्या पश्चिमेस एका उंच इमारतीच्या अकराव्या मजल्यावर हें घर घेतलेलें. जेवणें झाल्यावर यजमानांनीं पाहुण्यांस घर दाखविलें. दिवाणखान्यांत शिरतांच डाव्या हातास राजस्थानांतील एका हवेलीचा नक्षीदार दरवाजा आडवा करून त्यावर कांच बसविलेली. म्हणजे दरवाजाचें आतां मेज झालें होतें. एका कोपऱ्यांत पितळी समई. तींत तेल नव्हतें, वात नव्हती, एक हिरवी वेल सोडलेली होती. भिंतीवर केरळांतील मुखवटा, त्याच्या शेजारीं जपानी पंखा, खालीं डॅनिश धर्तीची लांकडी खुर्ची व तिच्या पायाशीं कच्छी गालिचा. एका जुन्या जात्यावर विजेचा दिवा उभा केलेला. आणि खिडकीजवळ, सर्वांच्या नजरेंत भरेल असें एक भलें मोठें तांब्याचें घंगाळ, त्यांत पाणी व पाण्यावर तरंगणाऱ्या गुलाबाच्या पाकळ्या.

"ही मिश्रशैली," यजमान म्हणाले. "आमच्या डिझायनर बाईंचं म्हणणं असं, कीं घर एकाच ठशाचं नसावं. त्यांत राहणाऱ्याचं व्यक्तिमत्त्व उमटलं पाहिजे."

पाहुणे वाहवा करीत असतां यजमानांच्या मातोश्री घंगाळापाशीं वांकून कांहींतरी वाचीत होत्या. त्यांचें वय ऐशींच्या पुढें. जुन्या घरांत वाढलेल्या वाचकांस सांगावयास नकोच कीं आपल्याकडे भांड्यावर नांव घालण्याची रीत आहे. देणाराचें नांव, घेणाराचें नांव, प्रसंग, कधीं सन. हें सर्व बारीक ठिपक्यांनीं कोरलेलें असतें. त्या घंगाळाच्या काठावरहि तसें नांव होतें. काकूंनीं तें अक्षर अक्षर लावून वाचलें व मुलास विचारलें, "अरे, हे कोण?" मुलास ठाऊक नव्हतें, सुनेसहि ठाऊक नव्हतें. त्या नांवाचें घराणें त्यांच्या नात्यांतलें नव्हतें, गांवांतलें नव्हतें, ओळखींतलें नव्हतें. कोणाच्या तरी मुलीच्या लग्नांत कोणा मामानें दिलेलें तें घंगाळ जुन्या बाजाराच्या वाटेनें हिंडत हिंडत अकराव्या मजल्यावर येऊन पोंचलें होतें. "आणि आपलं घंगाळ?" असा काकूंनीं दुसरा प्रश्न केला. त्याचें उत्तर मात्र घरांत सर्वांस ठाऊक होतें. सदाशिव पेठेंतील जुनी जागा सोडतांना तें मोडींत घातलें होतें, वजनावर.

त्या दुसऱ्या प्रश्नासाठीं आम्ही हा लेख लिहीत आहों.

प्रथमच सांगून टाकावें हें बरें कीं, आमचा वाद मिश्रशैलीशीं नाहीं. ज्या पद्धतीस हल्लीं 'इक्लेक्टिक' हें नांव रूढ झालें आहे, म्हणजे निरनिराळ्या काळांच्या, देशांच्या व धाटणींच्या वस्तु एकत्र मांडून त्यांतून मेळ साधावयाचा, ती पद्धति आम्हांस मनापासून मान्य आहे. एका दुकानांतून, एका दिवशीं, एकाच लांकडाचा व एकाच रंगाचा 'सेट' आणून मांडलेला दिवाणखाना त्या दुकानाच्या कांचेमागील देखाव्याहून निराळा दिसत नाहीं. घर मिश्रच असावें, कारण त्यांत राहणाराचें आयुष्य मिश्र असतें. आमचा वाद आहे तो एवढ्याच गोष्टीविषयीं कीं, हें मिश्रण कोणाचें? राहणाराचें कीं सजविणाराचें? ज्या बाईंनीं आमच्या स्नेह्यांचें घर सजविलें त्यांची दृष्टि खरोखर रसिक होती. मुखवटा, पंखा व खुर्ची ह्यांचा मेळ त्यांनीं मोठ्या कौशल्यानें घातला होता. पण तें घर पाहून आमची ओळख झाली ती त्या बाईंशीं. त्यांस कोठकोठें प्रवास घडला, त्यांचा डोळा कोणत्या रंगावर लोभावतो, जुन्या मालाचा कोणता दुकानदार त्यांच्यासाठीं वस्तु राखून ठेवतो, हें सर्व त्या भिंती सांगत होत्या. आमचे स्नेही तीस वर्षें गाणें ऐकत आले आहेत व जुन्या ध्वनिमुद्रिकांचा त्यांचा संग्रह स्नेहीमंडळींत प्रसिद्ध आहे. त्यांच्या पत्नीनें सह्याद्रींतले बहुतेक किल्ले पायांखालीं घातले आहेत. ह्यांपैकीं कशाचाहि मागमूस त्या दिवाणखान्यांत नव्हता. ध्वनिमुद्रिका कोठें आहेत असें विचारतां त्या खोक्यांत भरून माळ्यावर ठेवल्याचें कळलें. त्यांचीं वेष्टनें रंगांत बसत नव्हतीं!

सजावटीच्या धंद्याची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. हा धंदा उगवला तो एका खऱ्या गरजेपोटीं. एडिथ व्हार्टन ह्या अमेरिकन कादंबरीकर्त्रीनें ऑग्डेन कॉडमन ह्या वास्तुशिल्पज्ञाच्या सहकार्यानें १८९७ सालीं गृहसजावटीवर एक ग्रंथ लिहिला. तत्कालीन श्रीमंत घरांतील जड पडदे, झालरी व शोभेच्या वस्तूंची खिचडी ह्यांवर त्यांत टीका असून, सजावट ही खोलीच्या बांधणींतूनच निघाली पाहिजे असा आग्रह आहे. पुढें एल्सी डी वुल्फ ह्या बाईंनीं न्यूयॉर्क येथील स्त्रियांचा कॉलनी क्लब सजविला. तो १९०७ सालीं उघडला आणि गृहसजावट हा स्वतंत्र व्यवसाय होऊं शकतो हें लोकांस पटलें. अंधाऱ्या खोल्यांत त्यांनीं उजेड आणला, फिके रंग आणले, वेलबुट्टीचें साधें सुती कापड आणलें. हे उपकार लहान नाहींत. आपल्याकडेहि मुंबईच्या दोन खोल्यांत चार माणसांचा संसार बसवून देणारा, ओट्याची उंची गृहिणीच्या उंचीवरून ठरविणारा, म्हाताऱ्या माणसाच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रीचा दिवा लावून देणारा सजावटकार आम्ही पाहिला आहे व त्याला मनांतून हात जोडले आहेत. उजेड, वारा, कपाटाची खोली, फळीची उंची ह्या गोष्टी शिकलेल्या माणसाकडून अवश्य करून घ्याव्या. तो घराला अंग देतो. पण तो जेव्हां म्हणतो कीं, "तुमचें व्यक्तिमत्त्वहि मीच आणून देतों, त्याचा खर्च अमुक," तेव्हां तो आपल्या विद्येची मर्यादा ओलांडतो, आणि त्याला तसें करूं देणारे आपण आपलें घर ओलांडून बाहेर जातों.

येथें आम्हांस एका बदनाम कपाटाची बाजू घ्यावयाची आहे. मागील पिढींतील मराठी मध्यमवर्गीयाच्या बाहेरच्या खोलींत एक कांचेचें कपाट असे. त्याला सर्वजण 'शोकेस' म्हणत. त्यांत आग्र्याहून आणलेला छोटा ताजमहाल, कन्याकुमारीच्या शंखशिंपल्यांची माळ, सावंतवाडीचीं लांकडी फळें, मुलीला वक्तृत्वस्पर्धेंत मिळालेला पेला, मुलानें शाळेंत केलेलें वेडेंवांकडें मडकें, मावशीनें विणलेला लोकरीचा कुत्रा आणि परदेशीं गेलेल्या भाच्यानें पहिल्या खेपेस आणलेली निळ्या डोळ्यांची बाहुली. सजावटकारांनीं ह्या शोकेसचा जितका उपहास केला आहे तितका दुसऱ्या कशाचा केला नसेल. नव्या घराच्या आराखड्यांत पहिला बळी तिचा जातो. आतां शांतपणें विचार करा. निरनिराळ्या प्रदेशांच्या व काळांच्या, महाग व फुकट, सुबक व ओबडधोबड अशा वस्तु एका चौकटींत जवळजवळ मांडणें ह्याला मिश्रशैली म्हणावयाचें नाहीं, तर कशाला? आणि वैयक्तिक म्हणाल, तर तिच्याइतकी वैयक्तिक मांडणी दुसरी कोणती? प्रत्येक वस्तु कोणीं आणली, केव्हां आणली, ह्याचें उत्तर घरांतलें लहान मूलहि देई. पाहुण्यानें ताजमहालाकडे बोट दाखवावें आणि गृहिणीनें आग्र्याच्या गाडींत ट्रंक कशी चोरीस गेली तें सांगावें, हा त्या कपाटाचा उपयोग. मांडणींत दोष होते, हें आम्हांस मान्य आहे. दाटी फार असे, कांचेवर धूळ असे, वर नळीचा पांढरा दिवा भगभगत असे. सजावटकारानें ती दाटी कमी करावयाची, दिवा बदलावयाचा, फळी डोळ्यांच्या उंचीवर आणावयाची. त्यानें केलें काय? कपाटच काढून टाकलें, आंतील वस्तु माळ्यावर पाठविल्या, आणि रिकाम्या झालेल्या भिंतीवर दुसऱ्या कोणाच्या तरी शोकेसमधील वस्तु दामदुप्पट किंमत देऊन आणून मांडल्या.

ही आमची घरगुती भावविवशता आहे असें कोणी म्हणेल. तर मग जें घर जगांतील सजावटकार आदर्श म्हणून दाखवितात, तेंच घेऊं. चार्ल्स व रे ईम्स ह्या अमेरिकन दांपत्यानें १९४९ सालीं कॅलिफोर्नियांत पॅसिफिक पॅलिसेड्स येथें स्वतःसाठीं घर बांधलें. बांधणी पोलादाची व कांचेची; भाग बहुतेक कारखान्यांत तयार झालेले. बाहेरून पाहणारास वाटावें कीं आंत कोरडी, शिस्तीची, रिकामी खोली असेल. आंत पाहावें तों शंख, गोटे, टोपल्या, देशोदेशींच्या बाहुल्या, खेळणीं, उशा, पुस्तकें, आणि वर टांगलेलें वाळवंटांतलें एक वाळकें झुडूप! दोघेंहि धंद्यानें आकृतिकार. त्यांच्या खुर्च्या जगभर गेल्या. तरी त्यांनीं आपल्या घराचें आपल्याच खुर्च्यांचें दुकान होऊं दिलें नाहीं. चार्ल्स १९७८ सालीं व रे १९८८ सालीं वारल्या. तोंपर्यंत त्या घरांत राहणें चाललें होतें व राहण्याबरोबर सांठणेंहि चाललें होतें. आज त्या खोलीचें छायाचित्र पुढें करून "अशी खोली करून द्या" असें सांगणारे लोक आहेत. त्यांच्या ध्यानांत येत नाहीं कीं ती खोली कोणी करून दिली नव्हती. ती सुमारें चाळीस वर्षें होत गेली. ती खोली आणि आपली शोकेस ह्यांची जात एकच. फरक आहे तो मांडणाराच्या डोळ्याचा.

ह्याच दांपत्याचा आपल्या देशाशीं एक संबंध आला होता, तो येथें सांगितलाच पाहिजे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते येथें आले, हिंडले, आणि १९५८ सालीं त्यांनीं एक अहवाल सादर केला. त्याच्याच प्रेरणेनें १९६१ सालीं अहमदाबाद येथें राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. भारतांत पाहिलेल्या व आवडलेल्या साऱ्या वस्तूंत त्यांनीं बहुमान दिला तो कशाला? साध्या लोट्याला, ज्यास आपण तांब्या म्हणतों. हा आकार कोणा एका आकृतिकाराच्या डोक्यांतून निघालेला नाहीं, पिढ्यानपिढ्या असंख्य माणसांच्या हातांनीं तो घडविला, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. हें वाचून आपली छाती फुगावयास हवी. आम्हांला मात्र खालीं पाहावेंसें वाटतें. कारण त्याच काळाच्या आगेंमागें आपण घरोघरींचे तांबे-पितळ मोडींत घालावयास सुरुवात केली. त्यांत गृहिणींचा दोष नव्हता. कल्हईवाल्याची वाट पाहणें आणि चिंचेनें घांसघांसून हात काळे करणें हें कोणास हवें होतें? पोलादी भांडीं आलीं, काम हलकें झालें, हें चांगलेंच झालें. परंतु नाटकाचा दुसरा अंक आतां चालला आहे. मोडींतून वांचलेला कोणाचा तरी तांब्या दुकानदार उचलतो, सजावटकार दिव्याखालीं मांडतो, आणि आपल्या आजीचा तांब्या वजनावर विकलेले आपण त्याच्याकडे पाहून परंपरेविषयीं बोलूं लागतों. स्वतःचा मोडींत आणि दुसऱ्याचा दिव्याखालीं, हा कोणत्या रसिकतेचा हिशेब?

व्हिएन्नाचा वास्तुशिल्पज्ञ आडोल्फ लोस ह्यानें १९०० सालीं एका गरीब श्रीमंताची गोष्ट लिहिली आहे. सर्व सुखें असलेला एक गृहस्थ घरांत कला हवी म्हणून एका नामांकित शिल्पज्ञास बोलावतो. शिल्पज्ञ घरांतली प्रत्येक वस्तु स्वतः योजतो व प्रत्येकीची जागा ठरवून देतो. पुढें गृहस्थाच्या वाढदिवशीं बायकामुलें त्याला भेटी देतात. त्या कोठें ठेवाव्या हें विचारण्यासाठीं शिल्पज्ञास पाचारण होतें. तो येतो तों गृहस्थाच्या पायांत सपाता पाहून भडकतो. सपाता त्यानेंच योजलेल्या, पण त्या निजावयाच्या खोलीसाठीं; ह्या खोलीच्या रंगांशीं त्यांचा बेबनाव होतो! भेटींचें नांव ऐकून तर त्याच्या रागाला सीमा राहत नाहीं. मीं सर्व पुरें करून दिलें असतां तुम्हांस आणखी कांहीं घ्यावयाचा अधिकार काय, असा त्याचा सवाल. तेव्हां त्या गृहस्थाला कळून चुकतें कीं आतां आपल्याला हवेंसें वाटण्याजोगें जगांत कांहीं उरलें नाहीं. आपण जिवंतपणीं पुरे झालों. लोसचा राग होता तो सर्व वस्तु एका ठशाच्या करणाऱ्या शिल्पज्ञांवर. आजचा सजावटकार ठसे अनेक वापरतो, म्हणून आपण त्या गोष्टींतून सुटलों असें त्याला वाटतें. पण मुलीनें स्वतः रंगविलेली फुलदाणी घेऊन यावें आणि आईनें "ह्या कोपऱ्यांत नको, तेथलं सगळं बसवलेलं आहे," असें म्हणावें, हें आम्हीं ह्याच पुण्यांत ह्याच कानांनीं ऐकलें आहे. ठसा एक असो कीं दहा. ज्या घरांत नव्या भेटीला जागा नाहीं, तें घर लोसच्या त्या गरिबाचेंच.

ह्याच्या उलट टोंकाचें घर लंडनमध्यें लिंकन्स इन फील्ड्स येथें आहे. बँक ऑफ इंग्लंडचा शिल्पज्ञ सर जॉन सोन ह्याचें तें राहतें घर. ग्रीक-रोमन दगडांचे तुकडे, प्लास्टरचे ठसे, पुस्तकें, भिंतीवरच्या झडपा उघडतांच एकामागून एक दिसणारीं होगार्थचीं चित्रें, आणि तळघरांत इजिप्तचा राजा पहिला सेती ह्याची दगडी शवपेटी. ही पेटी ब्रिटिश म्यूझियमनें किंमत जड वाटून सोडली, तेव्हां सोननें १८२४ सालीं दोन हजार पौंड देऊन ती घरीं आणली. कोणत्याहि नियमानें पाहिलें तर तें घर म्हणजे गर्दी आहे. पण दारांतून शिरणारास पांच मिनिटांत कळतें कीं हा माणूस काय वाचीत होता, कशावर जीव टाकीत होता. त्यानें १८३३ सालीं पार्लमेंटकडून खास कायदा करून घेतला कीं आपल्यामागें हें घर व संग्रह शक्य तितका आहे तसाच ठेवावा व लोकांस पाहावयास द्यावा. १८३७ सालीं तो वारला. घर अजून पाहावयास मिळतें. आम्ही कोणास असा कायदा करावयास सांगत नाहीं. राहतें घर गोठवून ठेवूं नये. पण गोठवावें असें वाटण्याइतकें तें आपलें असावें, एवढें मात्र सोनपासून शिकण्यासारखें आहे.

विल्यम मॉरिसनें १८८० सालीं बर्मिंगहॅम येथें दिलेल्या व्याख्यानांत घरांतील वस्तूंस दोन कसोट्या लावल्या. वस्तु उपयोगाची आहे असें ठाऊक असावें किंवा ती सुंदर आहे असें वाटत असावें. एरवीं ती घरांत नसावी. सजावटकारांच्या तोंडीं हें वचन नेहमीं असतें. मॉरिसविषयीं आम्हांस आदर आहे. तरी ह्या दोन चाळण्यांतून काय काय गळून पडतें तें पाहावें. बाबांचा बंद पडलेला चष्मा उपयोगाचा नाहीं, सुंदरहि नाहीं. मुलाचें वेडेंवांकडें मडकें गळतें व तें कुरूप आहे. मोडक्या कानाचा लोकरीचा कुत्रा तर दोन्ही परीक्षांत नापास. म्हणून आम्ही तिसरी एक कसोटी सुचवितों: वस्तु ओळखीची असावी. तिच्याविषयीं सांगण्याजोगें कांहीं घरांतल्या निदान एका माणसाला ठाऊक असावें. काकूंच्या मोडींत गेलेल्या घंगाळापाशीं उपयोग नव्हता. सौंदर्य त्या दुसऱ्या घंगाळाइतकेंच होतें. ओळख मात्र पन्नास वर्षांची होती. तराजूंत घालतांना ती कोणी मोजली नाहीं.

आमच्या ह्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील, नव्हे आले आहेत. पहिला जागेचा. वाड्यांतल्या वस्तु सदनिकेंत ठेवणार कोठें? उत्तर असें कीं, सगळ्या ठेवा असें आम्ही म्हटलेलेंच नाहीं. ज्या खोलींत परक्याचें घंगाळ मावलें, तींत घरचें मावलें असतें.

दुसरा आक्षेप एका विद्यार्थिनीनें काढला व तो आम्हांस सर्वांत वजनदार वाटला. ती म्हणाली, "सर, जुन्या वस्तूंच्या आठवणी कोणाच्या? जात्यावर पहांटे उठून दळणारी पणजी माझी. तिला तें जातं ठेवावंसं वाटलं असतं का?" प्रश्न बिनतोड आहे. जातें घराबाहेर गेलें तेव्हां कित्येक बायकांनीं सुटकेचा श्वास सोडला असेल, आणि तो योग्यच होता. ज्या वस्तूनें घरच्या बाईचे खांदे मोडले ती तिच्या नातवानें कौतुकानें मांडावी, ही आमची मागणी नव्हे. पण मग तेंच जातें दिव्याचें बूड करून शोभेस ठेवणाऱ्या सजावटकारास काय म्हणावें? पणजीच्या घरीं जातें ओळखीचें होतें, तिच्या कष्टांसकट. दिवाणखान्यांत आलें तें कष्ट गाळून आलें. ओळखीच्या कसोटीचा अर्थच हा कीं वस्तूबरोबर तिची खरी हकीकतहि घरांत यावी, गोड असो वा कडू. ही हकीकत सांगावयाची नसेल तर जातें नसलेलेंच बरें.

तिसरा आक्षेप अभिरुचीचा. सामान्य माणसाला दृष्टि नसते, त्याच्यावर सोडलें तर घर ओंगळ होईल, असें म्हणतात. होईल, कदाचित्. पण दृष्टि येते ती आपल्याच वस्तु पुन्हां पुन्हां हलवून, मांडून, मोडून. स्वतःच्या हातानें चार वेळां चित्र टांगून पाहिल्याशिवाय भिंत कळत नाहीं. हा अभ्यास पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेणें म्हणजे मुलाचा निबंध शिकवणीवाल्याकडून लिहवून घेण्यासारखें आहे. असे सुंदर निबंध आम्ही दरवर्षीं तपासतों. त्यांत मूल कोठेंच नसतें.

हें सर्व लिहीत असतां आमच्याच एका अपराधाची कबुली न देणें लबाडीचें होईल. आमचे वडील शिक्षक होते. जमिनीवर मांडी घालून लिहावयाचें एक उतरत्या फळीचें बैठें डेस्क त्यांच्यापाशीं होतें. त्याच्या उजव्या कडेला दौतीचा गोल डाग पडलेला होता आणि आंतल्या खणांत त्यांनीं आम्हां भावंडांच्या उंचीच्या खुणा पेन्सिलीनें तारखांसह लिहून ठेवल्या होत्या. जुनी जागा सोडून सदनिकेंत आलों तेव्हां हें डेस्क आम्हींच देऊन टाकलें. नवीन फर्निचराशीं तें जुळत नव्हतें. सजावटकार नव्हता, सल्ला देणारें कोणी नव्हतें. निर्णय सर्वस्वीं आमचा. वडील त्या वेळीं हयात होते. ते कांहीं बोलले नाहींत. पुढें पुष्कळ वर्षांनीं एका उपाहारगृहांत तसलेंच एक डेस्क शोभेस मांडलेलें पाहिलें आणि कोणाचें लक्ष नाहीं असें पाहून आम्हीं त्याचा खण उघडला. आंत खुणा नव्हत्या. तेव्हांपासून कोणत्याहि सजविलेल्या घरांत जुनें डेस्क दिसलें कीं हात खणाकडे जातो.

पुण्यांत एक गृहस्थ होऊन गेले ज्यांनीं हा मोह उलट्या दिशेनें वळविला. कै. दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' ह्या नांवानें कविता करीत. त्यांनीं जन्मभर घरोघर हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, पानाचे डबे, दरवाजे, स्वयंपाकाचीं भांडीं अशा नित्याच्या वस्तु जमविल्या. बालपणींच गेलेल्या आपल्या राजा ह्या मुलाचें नांव त्या संग्रहास दिलें. आणि १९७५ सालीं तो सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. तेथेंहि वस्तु दुसऱ्यांच्याच घरच्या आहेत; पण संग्रहालय त्या दुसऱ्यांच्या म्हणूनच दाखवितें. दिवाणखान्यांत मात्र परक्याची वस्तु आपली परंपरा म्हणून मिरविते. केळकरांनीं जें केलें तो संग्रह. आपण जें करूं लागलों आहों तें सोंग.

तेव्हां आमचें सांगणें थोडकें आहे. नवें घर घ्या, सजावटकारास बोलवा, त्याच्या विद्येचा पुरा उपयोग करून घ्या. पण त्याला बोलावण्यापूर्वीं एक संध्याकाळ घरांतील सर्वांत वडील माणसाजवळ कागद घेऊन बसा. कोणती वस्तु कोठून आली तें विचारा व लिहून काढा. त्यांतून दहा वस्तु निवडा. दोन मुलांनाहि निवडूं द्या, मग त्या कितीहि ओबडधोबड असोत. ती यादी सजावटकाराच्या हातीं ठेवून सांगा कीं ह्या वस्तु राहणार आहेत, घर ह्यांच्याभोंवतीं बसवा. आणि एक फळी रिकामी ठेवावयास सांगा. जो खरा कलावंत असेल त्याला ह्या अटीनें आनंद होईल. ज्याला होणार नाहीं त्याला निरोप द्यावयास हरकत नाहीं.

त्या घंगाळाचें पुढें काय झालें तें सांगून हा लेख पुरा करितों. परवां आमचे स्नेही भेटले. काकूंनीं त्यांतलें पाणी ओतून टाकावयास लावलें. सारखें पाणी राहून तांब्यावर हिरवे डाग पडूं लागले होते. मग चिंच मागवून त्यांनीं तें स्वतः घांसलें, आणि नातवाकडून काठावरचें नांव वहींत उतरवून घेतलें. सून म्हणाली, "आई, कशाला एवढं? तें कांहीं आपलं नाहीं." त्यावर काकू म्हणाल्या, "आपलं आपण घालवलं. ह्यांचं तरी नीट ठेवूं या."